अंबाझरीचे धरण कोणत्या कामासाठी बांधले गेले आणि आज ते कोणते काम करते?

नागकाठ

लाव्हा गावाच्या परिसरातील टेकड्यांतून निघणारी नाग नदी नागपूर शहरात शिरण्यापूर्वी जिथे अडवली आहे, ते ठिकाण म्हणजे अंबाझरी. सायंकाळी तिकडे फिरायला जाणाऱ्यांच्या दृष्टीने तो तलाव आणि त्याच्या शेजारचे उद्यान आहे. बांधकाम म्हणून पाहिले तर मात्र तो नदीच्या पात्रात आडवा घातलेला, सुमारे दीडशे वर्षे जुना मातीचा बांध आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला आज दाट वस्ती आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री तलाव ओसंडून खालच्या वस्तीत पूर शिरला, त्यानंतर या धरणाविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु त्यातील बहुतेक चर्चा त्या एका रात्रीपुरतीच राहिली. धरणाचा मागचा इतिहास समोर ठेवून हाच विषय पुन्हा पाहावा, या हेतूने हा धागा सुरू करीत आहे.

प्रथम बांधणीच्या काळाविषयी. ‘भोसल्यांच्या राजवटीत १८७० साली हे धरण बांधले’ असे वाक्य अनेक ठिकाणी छापून आलेले आढळते आणि ते तसेच पुढे उतरवले जाते. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली आणि १८६४ मध्ये येथे नगरपालिका आली. म्हणजे १८७० मध्ये भोसल्यांची राजवट नव्हतीच. भोसल्यांचे नाव आणि १८७० हे वर्ष दोन्ही राखायचे असतील, तर भोसलेकालीन तळे इंग्रजी अमलात वाढवून, त्याची पाळ उंच करून, ते नगराच्या पाणीपुरवठ्याला जोडले गेले असे मानणे मला सयुक्तिक वाटते. तेलंगखेडीचा, म्हणजे फुटाळ्याचा, तलाव भोसल्यांचा आहे. जुम्मा तलाव त्याहूनही जुना, गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातला. त्याचा बाप बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसवले, आणि तेव्हापासूनच नागेच्या आजूबाजूचे ओहोळ अडवून पाणी धरून ठेवण्याची रीत येथे होती. अंबाझरी त्याच परंपरेत बसते. आकार आणि हेतू मात्र नव्या काळाचे होते.

हा नवा काळ कोणता, हे पाहण्यासारखे आहे. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरापर्यंत पोहोचली. १८७२ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८४,४४१ होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तीही जुम्मा तलावाच्या काठावर. विहिरी आणि गावतळी यांच्यावर भागणारे नगर प्रांताची राजधानी आणि कापसाची पेठ होत असताना, वस्तीच्या वर, दूषित न झालेल्या पाणलोटात साठा करून ते पाणी नळाने आणावे, हा विचार त्या वेळी देशभर मूळ धरू लागला होता. मुंबईसाठी विहारचा तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला होता आणि पुण्याजवळ मुठेवरचे खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. अंबाझरी या दोहोंच्या मधली. ती त्यांच्याएवढी मोठी नाही. परंतु कल्पना तीच. नागपूरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाते, त्यामुळे अंबाझरीचे पाणी जुन्या शहराकडे उताराने नेता येत होते. उंचावरच्या भागांना ते पोहोचवण्यासाठी पुढे वेगळा विस्तार करावा लागला.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या १,२७,७३४ वर गेली. १९११ च्या सुमारास गोरेवाड्याचा तलाव बांधला गेला. त्याची पाळ सुमारे २,३५० फूट लांब आहे. गंमत अशी की १९११ च्याच जनगणनेत लोकसंख्या एक लाख एक हजारांच्या आसपास घसरलेली दिसते. प्लेगच्या साथींचा तो काळ होता. त्यानंतर कन्हान नदीवरून पाणी उचलले गेले, आणि अखेरीस पेंच नदीवरून. पेंचवरचे नवेगाव खैरीचे धरण १९७० च्या दशकातले, तोतलाडोह १९८० च्या दशकाच्या शेवटी पूर्ण झालेले. आज शहर मुख्यतः पेंच आणि कन्हानवर जगते. तोतलाडोहाचा उपयुक्त साठा एक हजार दशलक्ष घनमीटरच्या थोडा वर आहे. त्यापुढे अंबाझरी हिशेबातही धरली जात नाही.

माझा मुद्दा येथून सुरू होतो. पाणी पिणे थांबले, पण धरण थांबले नाही. तलाव काठोकाठ भरलेला असणे ही ज्या काळात शहराची गरज होती, तो काळ संपून अनेक दशके झाली. तरीही ‘तलाव भरला’ हीच आनंदाची बातमी राहिली. ज्या धरणाचे पाणी कोणी पीत नाही, ते सप्टेंबरमध्ये पूर्ण भरलेले का असावे, हा प्रश्न २०२३ पूर्वी कोणी गांभीर्याने विचारल्याचे मला आढळले नाही. जाणकारांनी यावर लिहावे.

निवृत्त_स्थापत्य

नागकाठजी, प्रश्न योग्य ठिकाणी नेला आहे. पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेले, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो.

मातीच्या धरणाला तीन गोष्टींचे भय असते. पहिले, पाणी माथ्यावरून वाहून जाण्याचे. दगडी धरणावरून थोडा वेळ पाणी गेले तर ते बहुधा टिकते. मातीचे धरण मात्र माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याने काही तासांतच कापले जाते. गुजरातेत मोरबीजवळ ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरचे दुसरे धरण फुटले, तेव्हा मधला दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याची वाट, उभाच राहिला आणि दोन्ही बाजूंच्या मातीच्या पाळी वाहून गेल्या. दुसरे भय आतून झिरपणाऱ्या पाण्याचे. प्रत्येक मातीच्या बांधातून पाणी थोडे झिरपतेच आणि ते स्वच्छ असेपर्यंत चिंता नसते. ते गढूळ येऊ लागले, तर बांधाचे कण बाहेर पडत आहेत असे समजावे. तिसरे भय उतार घसरण्याचे, आणि ते जलाशय एकाएकी रिकामा केल्यावर वरच्या अंगाला अधिक असते. हे तिसरे येथे मुद्दाम सांगतो, कारण ‘पाणी सोडून द्या’ असे म्हणणाऱ्यांना ते बहुधा ठाऊक नसते.

पाळीवर वाढलेली झाडे पाहून लोकांना बरे वाटते. आम्हाला वाटत नाही. मोठे झाड वाऱ्याने उन्मळले की मुळांबरोबर मातीचा गोळा निघतो, आणि झाड वाळून मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. घुशी आणि खेकड्यांची बिळे हाही तसाच प्रकार. अंबाझरीच्या पाळीवरील झाडांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणाने. हिंगणा मार्गावरील मेट्रोची मार्गिका धरणाच्या अगदी जवळून जाते, त्या वेळीही बांधाच्या सुरक्षिततेविषयी आक्षेप घेण्यात आले होते आणि बळकटीकरणाची चर्चा तेव्हापासूनच सुरू आहे.

आता सांडव्याविषयी, कारण या धरणाचा खरा इतिहास माझ्या मते तेथेच आहे. जुन्या पद्धतीचा सांडवा म्हणजे ठरावीक पातळीवर बांधलेली भिंत. पाणी त्या पातळीच्या वर गेले की आपोआप खाली पडते. त्याला माणूस लागत नाही, वीज लागत नाही, रात्री जागरण लागत नाही, आणि १८७० च्या काळात हा फार मोठा गुण होता. उणीव एवढीच की तलाव एकदा त्या पातळीला आला की आलेले सगळे पाणी पुढे द्यायचे, यापलीकडे त्याला काही करता येत नाही. भिंतीवरून जाणारे पाणी तिच्यावरील पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने वाढते. साधा हिशेब सांगायचा तर अर्धा मीटर उंचीचे पाणी वाहत असेल, तेव्हा सांडव्याच्या दर मीटर लांबीमागे सेकंदाला सुमारे ०.६ घनमीटर पाणी जाते; तीच उंची एक मीटर झाली की १.७ घनमीटर. उंची दुप्पट झाली, पाणी जवळजवळ तिप्पट. म्हणूनच ‘आताच तर बरे होते आणि अर्ध्या तासात सगळे बुडाले’ असा अनुभव खालच्या लोकांना येतो.

येव्याचा, म्हणजे तलावात येणाऱ्या पाण्याचा, हिशेबही करून पाहावा. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी होते. तो चार तासांत पडला आणि सगळा वाहून आला, तर दर चौरस किलोमीटरमागे सेकंदाला सरासरी सात घनमीटर. धरण बांधले तेव्हा पाणलोटात रान आणि शेते होती. बरेचसे पाणी मुरत असे आणि उरलेले सावकाश येत असे. आज त्या बाजूला वाडीची वस्ती आणि हिंगण्याची एमआयडीसी आहे. छपरे, डांबर आणि काँक्रीट यांवरून पाऊस मुरतही नाही आणि थांबतही नाही. धरण तेच राहिले, नदीचा स्वभाव वरच्या अंगाला बदलला.

पंचशील_चौक

मी धरणाच्या खालच्या अंगाला राहते. त्या रात्रीची वर्णने सर्वांनी वाचली आहेत, ती पुन्हा लिहीत नाही. मला वेगळीच गोष्ट मांडायची आहे.

अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकर नगर, पंचशील चौक, सीताबर्डीतील झाशी राणी चौक, मोर भवनाचे बसस्थानक, अशी पाण्याने घेतलेली वाट नकाशावर ठेवून पाहिली, तर ती नाग नदीचीच वाट आहे. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. तरीही आमच्या भागातील अनेकांना घर घेताना आपण एका धरणाच्या खाली आणि एका नदीच्या काठावर राहायला जात आहोत, याची कल्पना नव्हती. विक्रीच्या वेळी ज्याला ‘नाला’ म्हटले गेले, त्याच्या वर एक मोठा जलाशय आहे हे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. दोन्ही काठांना भिंती बांधून पात्र आखले गेले, काही ठिकाणी ते अरुंद झाले, पुलांच्या मोऱ्यांत गाळ आणि कचरा अडकत गेला.

निवृत्त_स्थापत्य काका, सांडव्यातून सुटलेले पाणी वाहून न्यायला खालचे पात्रच पुरेसे नसेल, तर सांडवा मोठा करून उपयोग काय? तो मोठा केला तर पाळ वाचेल आणि आम्ही बुडू, असेच होणार नाही का?

झाडीपट्टी

भंडाऱ्याकडून लिहितो आहे. आमच्याकडे मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची, परंपरा तीनशे-चारशे वर्षांची आहे. गोंड राजांनी जो तळे बांधील त्याला जमीन द्यावी असे धोरण ठेवले आणि कोहळी समाजाने त्या धोरणाचे सोने केले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आजही अशी हजारो तळी उभी आहेत. अंबाझरीकडे पाहताना या तळ्यांचा एक भाग नागपूरकरांनी लक्षात घ्यावा असे वाटते.

आमच्या गावतळ्यात पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम आणि जादा पाणी काढून देणारी सलंग यांची देखरेख कोणाकडे आहे हे गावाला ठाऊक असे. धानाला पाणी केव्हा सोडायचे, सलंगीवर माती चढवून थोडे जास्त पाणी धरायचे की नाही, आणि पाऊस वाढला तर ती माती केव्हा फोडायची, हे सगळे ठरलेले होते, कारण त्या पाण्यावर कोणाचे तरी पीक उभे होते. जिथे पाण्याचा उपयोग संपला, तिथे तळे बुजले किंवा फुटले. १९५० च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, तळी सरकारकडे आली आणि त्यांतील कित्येकांची पाळ पुढे कोणी बांधली नाही, कारण ती कोणाची राहिलीच नव्हती.

अंबाझरीचेही मला तसेच वाटते. एक खाते पाणी पाहते, दुसरे बगिचा, तिसरे रस्ता, चौथे नदीतील गाळ, पाचवे वारसा. पीक कोणाचेच उभे नाही.

मुठाकाठ_नागपूरकर

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सध्या पुण्यात. खडकवासल्याचा उल्लेख झाला म्हणून लिहितो.

पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही गेले. पानशेत तेव्हा नवे होते, बांधकाम पुरते संपलेलेही नव्हते. खडकवासला ऐंशी वर्षांहून जुने, दगडी आणि भक्कम. जुने धरण स्वतःच्या दोषाने गेले नाही. त्याच्या वरच्या अंगाला जे बदलले होते, त्याचा भार त्याच्यावर आला. पुण्याचा इतिहास सांगताना लोक बहुधा पानशेतशी थांबतात, पण जुन्या धरणाविषयी शिकण्यासारखे आहे ते हे.

दुसरा फरक असा की खडकवासला पुन्हा बांधले गेले, कारण पुण्याला त्याच्या पाण्यावाचून चालणार नव्हते. आजही तिथली पातळी, विसर्ग आणि कालव्याचे आवर्तन या रोजच्या बातम्या असतात. मुठेत किती क्युसेक सोडले हे रिक्षावालाही सांगतो. नागपुरात तोतलाडोहाची टक्केवारी वर्तमानपत्रात येते. २०१९ च्या जुलैत एक दिवसाआड पाणी आले तेव्हा पेंचवरच वरच्या अंगाला असलेल्या मध्य प्रदेशातील चौराई धरणाचे नाव घरोघरी माहीत झाले होते. अंबाझरीची पातळी मात्र कोणी विचारली नाही. नळाशी संबंध तुटला की माणसे धरणाकडे पाहत नाहीत, ते घराशेजारी असले तरी.

नागकाठ

झाडीपट्टी भाऊंचे म्हणणे मोलाचे आहे, परंतु एका बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो. अंबाझरीला मालक नाही असे म्हणता येणार नाही. जबाबदारी कागदावर आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे आणि त्याच्या कक्षेत येणाऱ्या धरणांच्या बाबतीत देखभाल, पाहणी आणि आणीबाणीचा आराखडा ही धरणाच्या मालकाची जबाबदारी ठरते. अडचण अशी की गेली कित्येक वर्षे अंबाझरीचा विचार ‘सौंदर्यीकरण’ या एकाच दिशेने झाला. उद्यान १९५८ चे आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही, शहराला अशा जागा लागतात. पुढे मात्र पाण्याच्या वाटेतही बांधकामे येत गेली. सांडव्याच्या समोर, पाणी जिथून बाहेर पडायचे त्याच परिसरात, स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभे राहिले, आणि २०२३ च्या पुरानंतर त्याच्या जागेवरून नागरिकांना नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन जावे लागले. स्वामीजींविषयी अनादर कोणाच्याही मनात नव्हता. हरकत केवळ जागेला होती. कोणत्याही धरणाच्या सांडव्यापुढची जागा मोकळी असावी, एवढी साधी गोष्ट स्मारक उभारताना कोणाला आठवू नये, याचे कारण मला तरी एकच दिसते: ते धरण आहे याचाच विसर पडला होता.

पंचशील_चौक ताईंचा प्रश्न निवृत्त_स्थापत्य यांच्यासाठी सोडतो. त्याआधी एक निरीक्षण जोडतो. पूर्वी तलावातून रोज पाणी उचलले जात असे, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी तो बराच खाली गेलेला असे आणि पावसाळ्याचे पहिले मोठे पाणी त्याच्या पोटात राहत असे. धरण पूरनियंत्रणासाठी बांधलेले नव्हते, तरी पिण्यासाठी होणारा उपसाच नकळत पूर अडवण्याचे काम करीत होता. आता उपसा नाही, आणि वरच्या वस्तीतून सांडपाणी बारा महिने येत राहते. पाऊस सुरू होतानाच तलावात जागा कमी उरलेली असते.

अरण्यवाट

येथे सर्वांचा कल तलाव रिकामा करण्याकडे जात आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

अंबाझरीच्या मागे जे रान आहे, तिथे आता जैवविविधता उद्यान आहे. शहराच्या हद्दीला लागून इतके मोठे माळरान आणि पाणी एकत्र असलेली दुसरी जागा नागपुरात गोरेवाड्याखेरीज नाही. हिवाळ्यात स्थलांतरित बदके येतात, काठाच्या उथळ पाण्यावर कित्येक पक्षी अवलंबून असतात. धरमपेठ-अंबाझरीकडच्या विहिरींना या साठ्याचा आधार आहे, हेही विसरू नये. पाण्याचा उपयोग म्हणजे केवळ नळ, असे धरले तर नागपुरातील एकाही जुन्या तलावाला जिवंत राहण्याचा अधिकार उरणार नाही. नाईक तलाव, लेंडी तलाव यांची काय अवस्था झाली ते आपण पाहिले आहे. ‘आता उपयोग नाही’ हे वाक्य एकदा उच्चारले की पुढचे पाऊल भर टाकण्याचे असते.

महालकर

अरण्यवाट यांच्याशी पूर्ण सहमत. रिकामा तलाव दिसला की त्यावर आरक्षण बदलायला वेळ लागत नाही.

निवृत्त_स्थापत्य

तलाव रिकामा करावा असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. एकाएकी रिकामा करणे धोक्याचे असते, हे वर लिहिलेच आहे. प्रश्न आहे तो पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोणत्या तारखेला पातळी किती असावी, याचा. प्रत्येक मोठ्या धरणासाठी असा तक्ता असतो. जूनअखेर एवढे, जुलैअखेर एवढे, आणि पावसाचा जोर ओसरल्यावर पूर्ण साठा. या तक्त्याप्रमाणे दरवाजे उघडतात आणि मिटतात. अंबाझरीचा सांडवा दरवाजांवाचूनचा असल्यामुळे असा तक्ता केला असता तरी तो पाळता येण्यासारखा नव्हता. २०२३ नंतर सांडव्याला दरवाजे बसवण्याचे काम हाती घेण्यात आले, त्याचे महत्त्व येथे आहे. दीडशे वर्षांत प्रथमच या धरणाला ‘थोडे कमी भर’ असे सांगता येईल.

अरण्यवाट यांची काळजी खरी आहे, पण थोडा हिशेब पाहू. पातळी एक मीटरने खाली ठेवली, तर जलाशयाच्या दर चौरस किलोमीटर पृष्ठभागामागे दहा लाख घनमीटर जागा मोकळी होते. उथळ काठ असल्यास त्याहून थोडी कमी. मघाचा हिशेब लावला तर शंभर मिलिमीटरच्या पावसात दहा चौरस किलोमीटरवरून येणारे सगळे पाणी एवढ्या जागेत मावते. तलाव तेव्हाही तलावच राहतो, बदकांना पुरेसा आणि विहिरींनाही. नागपुरात सप्टेंबरच्या उत्तरार्धातही मोठा पाऊस होऊ शकतो हे आपण पाहिले. म्हणून शेवटचा मीटर ऑक्टोबरच्या आसपास भरावा. त्यानंतर पाऊस झाला नाही तर? तर तो मीटर त्या वर्षी भरणार नाही. पिण्यासाठी हे धरण वापरात असते, तर असे करण्याचे धाडस मी केले नसते. आज ते करता येते, आणि नागकाठ यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे: काम बदलले आहे, तेव्हा पातळीही बदलली पाहिजे.

पंचशील_चौक ताई, आपला प्रश्न सर्वांत कठीण आहे. सांडव्याची क्षमता आणि खालच्या पात्राची क्षमता यांची सांगड घालावीच लागते. धरण फुटणे हे सर्वांत वाईट, त्यामुळे अतिवृष्टीत पाळ वाचवण्यासाठी जे पाणी सोडावे लागेल ते सोडलेच जाईल. त्यावर वाद होऊ शकत नाही. दरवाजांचा खरा उपयोग त्याच्या आधीच्या दिवसांत आहे. पाऊस येणार असे दिसले की पात्राला झेपेल एवढे पाणी दोन-तीन दिवस हळूहळू सोडून जागा करून ठेवायची, म्हणजे प्रत्यक्ष वादळात सोडावे लागणारे पाणी कमी होते. यासाठी पंचशील चौकाजवळच्या पुलाखालून धोक्याविना किती पाणी जाते, हा आकडा प्रथम निश्चित हवा. डागा लेआउटजवळ तो वेगळा असेल, सीताबर्डीत वेगळा. त्यांतला सर्वांत लहान आकडा हीच आगाऊ विसर्गाची मर्यादा. आपल्या भागातील नागरिकांनी काही मागायचे असेल तर हा आकडा मागावा, आणि तो पुलाच्या खांबावर रंगवून घ्यावा.

पंचशील_चौक

आभारी आहे, काका. आमच्या वसाहतीच्या बैठकीत हा विषय ठेवते. एक शेवटची शंका. दरवाजे बसल्यावर ते मध्यरात्री उघडायला कोणी तरी तिथे असावे लागेल. वीज गेली तर?

निवृत्त_स्थापत्य

त्यासाठी जनित्र ठेवावे लागते, आणि तेही बंद पडले तर हाताने फिरवण्याची सोय दरवाजांतच असावी लागते. लहान दरवाजे हाताने उचलता येतात, मात्र वेळ लागतो. म्हणून पावसाळ्यात तिथे आळीपाळीने माणूस असलाच पाहिजे. जुना सांडवा माणसावाचून चालत होता, नवा चालणार नाही. गाडगेबाबांसारखा झाडू घेऊन कोणी आपण होऊन येईल या आशेवर धरण चालत नाही. त्या माणसाच्या पगाराची तरतूद दर वर्षीच्या अंदाजपत्रकात लागेल. दरवाजे उन्हाळ्यात पूर्ण उघडून आणि मिटवून पाहावे लागतात, रबराच्या पट्ट्या आणि दोरखंड तपासावे लागतात, आणि पावसाळापूर्व पाहणीच्या नोंदीत ते लिहावे लागते. मे महिन्याच्या शेवटी ती नोंद माहितीच्या अधिकारात मागता येईल. अर्ज लिहिताना ‘अंबाझरी तलाव’ असे न लिहिता ‘अंबाझरी धरण, मान्सूनपूर्व पाहणी अहवाल’ असे लिहा, म्हणजे तो उद्यान विभागाकडे जाणार नाही.